‘गॉथिक’ : शिवीचे बिरूद कसे झाले?

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस असो वा राजाबाई टॉवर, वर्णनात ‘गॉथिक’ हे विशेषण हमखास येते. त्यावरून ही गॉथ लोकांची स्थापत्यशैली असावी, असा समज सहज होतो. तो साफ चुकीचा आहे.

गॉथ हे जर्मानिक लोक. त्यांच्यातील व्हिसिगॉथांनी अलारिकच्या नेतृत्वाखाली इ.स. ४१० मध्ये रोम लुटले. टोकदार कमानी आणि रंगीत काचांच्या उंच खिडक्यांची ही शैली मात्र पॅरिसजवळच्या सँ-दनी येथे, मठाधिपती सुजेर यांच्या देखरेखीखाली आकाराला आली ती ११४० च्या दशकात, म्हणजे सात शतकांहून अधिक काळानंतर. इटली आणि स्पेनमधली गॉथांची राज्ये तोवर केव्हाच लयाला गेली होती.

मग हे नाव आले कुठून? नावे ठेवण्यातून. प्रबोधनकाळातील इटालियन चित्रकार जॉर्जो वसारी याला रोमन प्रमाणबद्धतेपुढे मध्ययुगीन बांधकाम बेढब वाटे. १५५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या कलावंत-चरित्रांत त्याने या शैलीचे खापर गॉथांच्या माथी फोडले. एका फटक्यात दोन अन्याय झाले : फ्रेंच गवंड्यांचे श्रेय गेले आणि गॉथांच्या पदरी नसलेला दोष पडला.

इंग्रजीतही ‘गॉथिक’ म्हणजे रानटी, अडाणी असाच अर्थ दीर्घकाळ रूढ होता. होरेस वॉल्पोलने १७६५ मध्ये आपल्या कादंबरीच्या दुसऱ्या आवृत्तीला ‘गॉथिक कथा’ असे उपशीर्षक दिले, आणि शब्दाला गूढतेचे वलय लाभले. पुढे १८३४ च्या आगीत ब्रिटिश संसदेची वास्तू भस्मसात झाली, तेव्हा नव्या इमारतीसाठी गॉथिक किंवा एलिझाबेथकालीन शैलीच हवी, अशी अटच घातली गेली. कालची शिवी आता राष्ट्राभिमानाचे लेणे ठरली! तोच अभिमान साम्राज्याबरोबर मुंबईत उतरला, एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचे टर्मिनस १८८८ मध्ये पूर्ण झाले.

शब्द बदलावा, असा आग्रह व्यर्थ आहे. तो आता रुळला आहे. पण पाठ्यपुस्तकांत आणि वारसाफलकांवर खुलाशाचे एखादे वाक्य यायलाच हवे. कारण ज्यांना ‘विध्वंसक’ ठरवले गेले, त्यांच्यातीलच ऑस्ट्रोगॉथ राजा थिओडोरिक याने रोममधील जुन्या वास्तूंच्या डागडुजीसाठी पैसा पुरवला होता. गॉथांचे खरे वैभव पाहायचे, तर स्वीडनमधील उप्साला विद्यापीठात जावे लागते : तिथे जांभळ्या चर्मपत्रावर चांदीच्या शाईने लिहिलेले, गॉथिक भाषेतील बायबलचे सहाव्या शतकातले हस्तलिखित जपलेले आहे. त्यात एकही टोकदार कमान नाही.