मुदत ठेव मोडण्यापूर्वी

परवा सकाळी आमचे एक जुने सहकारी घरी आले. चहा होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलले आणि मग पिशवीतून मुदत ठेवीच्या तीन पावत्या काढून टेबलावर ठेवल्या. ‘‘मुदतीआधी मोडल्या तर व्याज किती बुडेल, तेवढं सांगा,’’ म्हणाले. गेल्या वर्षी त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला. तेव्हापासून जिना चढताना धाप लागते. आता कुणीतरी त्यांना मूळपेशींचं इंजेक्शन सुचवलंय. त्यानं म्हणे हृदय नव्यासारखं होतं!

व्याजाचा हिशेब पाच मिनिटांत झाला. मला मात्र रात्री झोप लागेना, कारण या दुखण्यातून मीही गेलो आहे. निवृत्तीच्या आदल्या वर्षी, ३१ मार्चला, छातीत कळा येत असताना ‘पित्त असेल’ असं म्हणत मी चार तास क्लोजिंग करत बसलो होतो. ताळेबंद जुळला, पण हृदयाच्या स्नायूचा एक तुकडा कायमचा गेला.

तेव्हापासून मी या विषयावरचं मिळेल ते वाचत आलो. डेंग्यूमुळे ‘प्लेटलेट्स’ हा शब्द आता घरोघरी पोचला आहे. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये त्या दीड ते साडेचार लाख असतात. त्यांना केंद्रक नसतं आणि आयुष्य जेमतेम आठ-दहा दिवसांचं. बोट कापलं की धावून येणाऱ्या त्याच. हृदयाच्या धमनीतला चरबीचा थर फुटला, तरी त्या तितक्याच इमानानं धावतात. जखम दिसली की बुजवायची, एवढंच त्यांना ठाऊक. पण तिथली गुठळी रक्ताची वाटच अडवते आणि पुढचा स्नायू मरू लागतो. म्हणून ॲस्पिरिन. झटका आलेल्या १७,१८७ रुग्णांवरच्या १९८८ सालच्या चाचणीत महिनाभराच्या या स्वस्त गोळीनं हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू २३ टक्क्यांनी घटले.

गंमत पुढेच आहे. वाट अडवणाऱ्या याच प्लेटलेट्स दुरुस्तीची हाकही देतात. अस्थिमज्जेतून काही ‘पूर्वज पेशी’ रक्तात येत असतात. आमच्या भाषेत प्रोबेशनर म्हणा: खातं साधारण ठरलेलं, पण अजून कायम न झालेले. २००६ साली जर्मन संशोधकांनी उंदरांच्या जखमी धमन्यांमध्ये पाहिलं, की तिथे चिकटलेल्या प्लेटलेट्स एसडीएफ-१ नावाचं द्रव्य सोडतात आणि त्या खुणेवर या पेशी येऊन चिकटतात. जखमेपाशी त्या वाढीला चालना देणारी द्रव्यं सोडतात, रक्तवाहिन्यांच्या डागडुजीला हातभार लावतात. मात्र मेलेल्या स्नायूच्या जागी त्या नवा स्नायू उभा करतात, असा भरवशाचा पुरावा नाही. तिथे व्रणच राहतो.

हृदय स्वतः नव्या पेशी घडवतं, पण किती? स्वीडनमधल्या संशोधकांनी २००९ साली दाखवलं, की पंचविशीत वर्षाला सुमारे एक टक्का, तर पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी. आमच्या बचत खात्यालाही यापेक्षा बरं व्याज मिळतं!

‘नव्या हृदया’चं स्वप्न पसरलं ते २००१ साली. मज्जेतल्या पेशींनी उंदरांच्या हृदयात नवा स्नायू उगवल्याचा दावा अमेरिकेत झाला. २००४ साली इतर प्रयोगशाळांना तो पडताळता आला नाही. पुढे त्या दाव्यामागच्या प्रमुख शास्त्रज्ञाचे ३१ शोधनिबंध मागे घ्यावेत, अशी शिफारस हार्वर्ड विद्यापीठानंच २०१८ साली केली. माणसांवरच्या चाचण्यांतही मज्जेतल्या पेशींचा लाभ किरकोळ किंवा शून्यच दिसला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताचे काही विकार वगळता मूळपेशींचा वापर रीतसर चाचणीबाहेर करता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे जाऊन हे सारं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘म्हणजे आशाच नाही?’’

या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणं मला जमलं नाही, आणि ते खरंही नव्हतं. हृदयाचं बळ टिकवणारी औषधं आहेत, डॉक्टरांच्या देखरेखीखालचा व्यायाम आहे. संशोधनही थांबलेलं नाही. पण ज्याचा शोध अजून चालू आहे, ते औषध म्हणून विकणारा माणूस माझ्या मित्राची भीती विकत घेतो आहे, तीही त्याच्याच पैशानं. कर्ज मंजूर करताना आम्ही कागद मागत असू. तसा चाचणीचा मंजुरीचा कागद आधी मागा, एवढंच मी म्हटलं.

पावत्या त्यांनी कपाटात ठेवल्या. मोडणार की नाही, ते बोलले नाहीत. निघताना वहिनींना मात्र मी बजावलं, की पुन्हा छातीत कळ आली, तर पित्ताची गोळी शोधत बसू नका. तडक रुग्णालय गाठा. तेव्हा वाया घालवलेले चार तास नंतर कोणत्याही भावानं परत मिळत नाहीत.