काकूचे संत्रे

परवा मंडईत संत्र्यांचे ढीग दिसले. आंबिया बहाराचे फळ पुण्यात उतरले की दिवाळी आली म्हणून समजावे. किलोभर घेतली आणि, खरे सांगायचे तर, वाटेभर काकूशी मनातल्या मनात भांडत घरी आलो.

आमच्या काकूचे माहेर काटोलचे. सदाशिव पेठेत उभा जन्म काढला, पण पुण्याला एका गोष्टीची क्षमा तिने कधी केली नाही. पुणेकर आजाऱ्याला भेटायला निघाला की हातात मोसंबी! "तुमच्याकडं माणूस अंथरुणाला खिळल्याशिवाय त्याला फळ दिसत नाही," ती म्हणायची, "आणि दिसतं तेही पथ्याचं."

मोसंबीत आंबटपणा फार कमी, म्हणून ती आजाऱ्याच्या जिभेला झोंबत नाही, ही माझी बाजू. तिचे नाव आफ्रिकेतल्या मोझांबिकवरून पडले, ही काकूची. त्यावर मी सांगे, की नागपूरला संत्रे आणले ते दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी, तेही औरंगाबादेकडून, असे म्हणतात. तेव्हा तुझे संत्रे तरी कुठले नागपूरचे? काकू पदर खोचून म्हणे, "सून कुठूनही येवो, नांदते ते घर तिचं."

तिच्या वडिलांची बाग होती. जंबेरीच्या खुंटाची साल चिरून तीत संत्र्याचा डोळा कसा बसवायचा, हे ती बोटांनी करून दाखवी. पाय आंबट लिंबाचे आणि डोके गोड संत्र्याचे, असे ते झाड. २०१४ साली नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा या बाईने वाड्यात पेढे वाटले होते!

शेवटच्या दुखण्यात तिने संत्रे मागितले. थंडीचे दिवस होते. "कफ होईल," आम्ही म्हणालो, आणि मोसंबीचा रस पुढे केला. तिने तो मुकाट्याने घेतला. डॉक्टरांनी संत्र्याला मनाई केली नव्हती. त्यांना कोणी विचारलेच नव्हते. मीही नाही.

अलीकडे या फळांच्या कुळाबद्दल एक लेख वाचनात आला. शास्त्रज्ञांनी त्यांची जनुके तपासली. २०१८ साली असा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. या गोतावळ्यात मूळची घराणी मोजकीच. त्यांतली तीन आपल्या ओळखीची: संत्र्याचे, पपनसाचे आणि महाळुंगाचे. (महाळुंग म्हणजे कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातातले फळ.) बाकीची बरीचशी मंडळी यांच्याच सोयरिकीतून जन्मलेली. मोसंबी ज्या गोड नारिंगांत मोडते, ती संत्र्याच्या आणि पपनसाच्या संकरातून आली. म्हणजे आमची पथ्याची मोसंबी काकूच्या संत्र्याची नातच म्हणायची!

हे ऐकून काकूने मला आठवडाभर सुखाने जेवू दिले नसते.

संत्री आम्ही ओट्याशी उभ्याउभ्याच खाल्ली. साली गच्चीत वर्तमानपत्रावर पसरून ठेवल्या आहेत. काकू त्या कडक वाळवून कुटायची आणि उटण्यात घालायची. किती घालायच्या, हे मात्र तिला विचारायचे राहून गेले.