व्हॉल्व्हची निवड : आधी गरज, मग नाव

आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले आणि १९५७ मध्ये विविध भारती अवतरली. त्या काळी रेडिओ म्हणजे व्हॉल्व्हचाच रेडिओ. बटण फिरवल्यावर काचेच्या नळ्या तापेपर्यंत अर्धा मिनिट थांबावे लागे, आणि दुकानाच्या गादीवर बसलेली मंडळी तेवढा वेळ निमूटपणे थांबत. पुढे ट्रान्झिस्टर आला, व्हॉल्व्हचा संच माळ्यावर गेला. आज तोच व्हॉल्व्ह घरातल्या संगीतयंत्रणेत मानाने परत आला आहे. भवानीनगर, बारामती, इंदापूर या पट्ट्यातील आपल्या घरांतूनही तरुण मंडळी ‘व्हॉल्व्हचा प्रीॲम्प घ्यावा का आणि कोणता’ असे विचारू लागली आहेत. रक्कम लहान नसते. म्हणून कोणत्याही खरेदीचा करावा तसाच याही खरेदीचा हिशेब मांडून पाहू.

प्रथम वस्तूचे काम समजून घेतले पाहिजे. व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नळी. आतील तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि समोरच्या धनभारित प्लेटकडे धावतात. वाटेत एक बारीक जाळी असते. जाळीवरील विद्युतदाब किंचित बदलला की प्लेटकडे जाणारा प्रवाह पुष्कळ बदलतो. पाटाचे दार बोटभर वर-खाली केल्याने शेतात जाणारे पाणी कमी-अधिक व्हावे, तसाच हा प्रकार. फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये दोन अग्रांची नळी केली आणि ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये तीत जाळी बसवली. आजच्या प्रीॲम्पमधील व्हॉल्व्ह त्याच घराण्यातला आहे.

प्रीॲम्प हा संगीताचा स्रोत आणि स्पीकर चालवणारा पॉवर ॲम्प यांच्यामधला दुवा. तो स्रोत निवडतो, आवाज कमी-जास्त करतो आणि गरज असेल तर संदेश वाढवतो. ‘गरज असेल तर’ हे शब्द महत्त्वाचे. सीडी प्लेअर साधारण २ व्होल्टपर्यंत संदेश देतो, आणि बहुतेक पॉवर ॲम्पना पूर्ण आवाजासाठी १ ते दीड व्होल्ट पुरतो. म्हणजे येथे वाढवण्यासारखे फारसे काही उरतच नाही. उलट तबकडीच्या सुईतून येणारा संदेश काही मिलिव्होल्टचाच असतो. शिवाय तबकडी कोरताना खर्ज दाबलेला आणि तार स्वर उचललेले असतात, ते पूर्ववत करावे लागतात. त्यासाठी ‘फोनो’ विभाग असलेला प्रीॲम्प लागतो. तेव्हा पहिला प्रश्न व्हॉल्व्हचा नव्हे, तर आपण ऐकणार कशावर, हा आहे.

याचे उत्तर मिळाले की व्हॉल्व्हची जात जवळजवळ आपोआप ठरते. ईसीसी ८३, ज्याला अमेरिकेत १२ एएक्स ७ म्हणतात, त्याचा वर्धनांक १०० आहे. तो फोनो विभागाला योग्य. ईसीसी ८२ अथवा १२ एयू ७ याचा वर्धनांक सुमारे १७, म्हणून सीडीसारख्या स्रोताला तो पुरेसा आणि शांत. ईसीसी ८१ हा ६० चा आणि ईसीसी ८८ हा ३३ चा. ज्या घरात केवळ सीडी वा मोबाईलवरून गाणी ऐकली जातात, तेथे १०० पटीचा व्हॉल्व्ह घेतल्यास आवाजाचे बटण जेमतेम हलवताच घर दणाणते आणि मागची खरखरही वाढून येते. एक सावधगिरी : ईसीसी ८८ ला इतरांप्रमाणेच नऊ पिना असल्या, तरी त्यांची जोडणी निराळी आहे आणि त्याच्या प्लेटला १३० व्होल्टच्या वर सोसत नाही. बसतो म्हणून बसवला, तर नुकसान ठरलेले.

दुसरा प्रश्न जोडीदाराचा. प्रीॲम्पचा निर्गम अवरोध जितका असेल, त्याच्या निदान दहापट पॉवर ॲम्पचा आगम अवरोध असावा, असा नियम आहे. ईसीसी ८३ च्या प्लेटवरून सरळ संदेश घेतला, तर निर्गम अवरोध ३० ते ४० हजार ओहम भरतो. ट्रान्झिस्टरच्या अनेक पॉवर ॲम्पचा आगम अवरोध २० हजारांच्या आसपास असतो. अशी जोडी जमत नाही : आवाज खाली येतो, खर्ज पातळ पडू शकतो. ज्या प्रीॲम्पमध्ये शेवटी ‘कॅथोड फॉलोअर’ आहे, त्याचा निर्गम अवरोध बराच कमी असतो. विक्रेत्याकडून हे दोन आकडे लेखी घ्यावेत. जो देऊ शकत नाही, त्याच्याकडून माल घेऊ नये.

तिसरा प्रश्न आपल्या विजेचा. शेतीपंपांचा भार चढला-उतरला की आपल्या भागात दाब खाली-वर होतो. व्हॉल्व्हच्या हीटरला ६.३ व्होल्ट लागतात, आणि सहसा दहा टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. २३० च्या जागी २५३ व्होल्ट आले, तर हीटरवर ६.९ पडतात, म्हणजे मर्यादा गाठली. त्याहून वर रोज गेल्यास व्हॉल्व्हचे आयुष्य घटते. जुन्या नामांकित व्हॉल्व्हवर पैसे घालण्यापूर्वी चांगला स्टॅबिलायझर घेणे हीच शहाणी गुंतवणूक.

आता नावाकडे येऊ. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून फिलिप्सच्या सहकार्याने रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले. आज नवे व्हॉल्व्ह प्रामुख्याने स्लोव्हाकिया, रशिया आणि चीन येथून येतात. मुलार्ड, टेलिफुंकन या जुन्या नावांना भारी किंमत मिळते, आणि जेथे नावाला भाव, तेथे खोटे शिक्केही आलेच. बँकेत तारणाचे सोने आम्ही शिक्क्यावरून नव्हे, कसावरून घेत असू. येथेही तेच करावे. टेलिफुंकनच्या अनेक अस्सल नळ्यांच्या तळाशी, पिनांच्या मधोमध, काचेतच हिऱ्याच्या आकाराची खूण असते. फिलिप्स घराण्याच्या नळ्यांवर तळाजवळ बारीक सांकेतिक अक्षरे कोरलेली असतात. नळीच्या माथ्यावरील चंदेरी थर दुधासारखा पांढरा झाला असेल, तर आत हवा शिरली आहे, ती नळी निकामी. मोजमापही मागावे : ईसीसी ८३ च्या प्रत्येक अर्ध्या भागातून २५० व्होल्टला १.२ मिलिअँपिअर ही प्रमाण नोंद आहे, आणि दोन्ही अर्धे परस्परांशी जुळले पाहिजेत. काही स्वस्त यंत्रांत नळीखाली नारिंगी एलईडी लावून ऊब दाखवतात. त्या उजेडाचा आवाजाशी काही संबंध नाही.

व्हॉल्व्हचा आवाज गोड का वाटतो, तेही सांगितले पाहिजे. या नळ्या मूळ स्वरात त्याच स्वराचा वरच्या सप्तकातला अंश किंचित मिसळतात. कानाला तो सुखावतो, पण ती भर आहे, मूळ मुद्रण नव्हे. हे जाणून घेतले, तर घेणाऱ्याची फसगत होत नाही.

साठा मात्र करू नये. चांगल्या प्रतीच्या काही नळ्यांचे आयुष्य १०,००० तास सांगितले जाते. दुकान बंद झाल्यावर रोज दोन तास ऐकले, तर वर्षाला ७३० तास होतात, म्हणजे एक संच तेरा वर्षे जातो. साध्या नळीने निम्मी साथ दिली, तरी सहा-सात वर्षे झाली. एक राखीव संच पुरे. त्यापुढचा माल पडून राहिलेले भांडवल होय.

शेवटी माळ्यावरच्या रेडिओविषयी. त्यातले व्हॉल्व्ह प्रीॲम्पला उपयोगी पडतील, या आशेने काही जण तो उघडतात. त्या संचांत बहुधा ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईएल ८४ अशा नळ्या असतात. त्या प्रीॲम्पच्या कामाच्या नव्हेत. नळ्या काढल्याने रेडिओ जातो, आणि हाती काही लागत नाही. शिवाय आत २५० व्होल्टच्या आसपास दाब असतो, आणि वीज काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तो काही काळ टिकतो. मुलांना त्यापासून दूर ठेवावे. पुण्याच्या बुधवार पेठेत अथवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चौकशी करून जुना जाणकार कारागीर शोधावा आणि संच त्याच्याकडून तपासून घ्यावा. आजोबांचा रेडिओ पुन्हा बोलू लागला, तर नव्या प्रीॲम्पची खरेदी वर्षभर पुढे ढकलायलाही हरकत नाही.