जनुकांचा इलाज आणि जनुकांतला फेरफार

चीनचे शास्त्रज्ञ हे जियानकुई यांनी नोव्हेंबर 2018 मध्ये जाहीर केले की, भ्रूणावस्थेतच जनुके बदललेल्या जुळ्या मुली जन्मल्या आहेत. बाळांना एचआयव्ही होऊ नये, हे कारण सांगितले गेले; पण त्यासाठी सुरक्षित उपाय आधीपासूनच होते. न्यायालयाने त्यांना तीन वर्षांची कैद सुनावली. मुलींमधला बदल मात्र आता मागे घेता येणार नाही. तो पुढच्या पिढ्यांतही उतरू शकतो.

म्हणून जनुक-संपादन सरसकट हराम ठरवावे का? मुळीच नाही. सिकलसेलवरच्या 'कॅसगेव्ही' उपचाराला 2023 मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने मान्यता दिली. त्यात रुग्णाच्याच पेशी काढून, जनुकात बदल करून परत दिल्या जातात. त्याची संमती असते आणि बदल त्याच्यापुरताच राहतो. हा इलाज आहे, आणि इलाज करून घ्यायला इस्लामची मनाई नाही.

पण अमेरिकेत त्याची किंमत 22 लाख डॉलर आहे, आणि आपल्याकडे सिकलसेल गडचिरोली-नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांवर आहे. भ्रूणातल्या फेरफारावर बंदी मागताना, हा इलाज सरकारी दवाखान्यात मिळावा, अशी मागणीही तितक्याच आग्रहाने करायला हवी.