नंबरपॅडवाचून अडत नाही



लहान लॅपटॉपला नंबरपॅड नसतो, तेव्हा ‘नेटहॅक’सारखे खेळ विसरा किंवा वेगळा पॅड विकत घ्या, हा बोरिवलीच्या पत्रलेखकांचा सल्ला पटला नाही. १९८७चा हा खेळ मुळातच अक्षरांवर चालतो: एच डावीकडे, जे खाली, के वर, एल उजवीकडे, तिरक्या चालींना वाय, यू, बी, एन. पहिल्या चार कळा बिल जॉय यांच्या ‘व्हीआय’ एडिटरमधल्या. त्यांच्या एडीएम-३ए टर्मिनलवर बाण याच कळांवर छापलेले होते! तिरक्या चाली सुरुवातीला बोटांना छळतात, हे मान्य. पण लोकलच्या चौथ्या सीटवर लॅपटॉपच मांडीवर जेमतेम मावतो. तिथे हा जादा पॅड ठेवायचा कुठे?

— एक वाचक, मुलुंड (पूर्व)