आगीपाशी कोण, टेबलापाशी कोण?

आमच्या अभ्यासवर्गात येणारा एक पोरगा दोन वर्षांपूर्वी शिष्यवृत्ती मिळवून अमेरिकेला गेला. सध्या टेक्सासात शिकतो. या उन्हाळ्याच्या सुट्टीत तो आणि त्याचे तीन रूममेट भाड्याची गाडी घेऊन आठ-दहा राज्यं फिरणार आहेत. हेतू एकच, देशातलं सर्वोत्तम बार्बेक्यू कुठे मिळतं ते शोधायचं. त्याने आम्हाला यादी पाठवली. पन्नास हॉटेलं, नकाशावर लाल खुणा, प्रत्येकापुढे गुण. खाली लिहिलं होतं, "दादा, बघून जळू नका."

जळलो नाही. पण यादी नीट वाचली, फोटो बघितले. बहुतेक फोटोंत दाढीवाला गोरा पुरुष, हातात लांब सुरी, मागे लोखंडी धुराडं. काळा चेहरा शोधावा लागला. एक-दोन सापडले, तेही मागच्या बाजूला, लाकडं उचलताना. जे समाजशास्त्र आम्ही एम.ए.ला शिकलो, ते इतक्या सरळ चित्रात क्वचित दिसतं. म्हणून हा लेख.

आधी एक गैरसमज दूर करू. आपल्याकडे मॉलमध्ये टेबलावर शेगडी ठेवून पनीर-कोंबडीचे तुकडे भाजून देतात, त्यालाही बार्बेक्यू म्हणतात. अमेरिकेच्या दक्षिणेतलं बार्बेक्यू ही वेगळी गोष्ट. तिथे मांस ज्वाळेवर भाजत नाहीत. ओक किंवा हिकरीची लाकडं बाजूला जाळून निखारे करतात, ते फावड्याने मांसाखाली पसरतात आणि मंद आचेवर, धुरात, दहा-बारा तास, कधी रात्रभर शिजवतात. अख्खं डुक्कर असेल तर वरून व्हिनेगर आणि मिरचीचं पाणी मारत राहायचं. आच चढली तर मांस करपतं, उतरली तर कच्चं राहतं. यात झोप नाही. घड्याळावर चालत नाही, हाताला कळावं लागतं.

मूळ शब्द कॅरिबियनमधल्या तायनो आदिवासींचा, स्पॅनिशांच्या तोंडून आलेला. पण अमेरिकेच्या दक्षिणेत हे काम शतकानुशतकं केलं गुलाम केलेल्या आफ्रिकी माणसांनी. मळ्यावरची मेजवानी असो, निवडणुकीची सभा असो, 4 जुलैचा उत्सव असो. आदल्या रात्री लांबलचक चर खणणारे, लाकूड तोडणारे, पहाटेपर्यंत जनावरं उलटणारे हात काळे होते. सकाळी भाषण करणारे आणि पानावर बसणारे गोरे होते.

इथे एक गोड गोष्ट सांगितली जाते. मालकाने टाकलेले वाईट तुकडे गुलामांना मिळाले आणि त्यांनी प्रेमाने त्यांना चव आणली. ही गोष्ट आम्हाला मान्य नाही. स्वस्त तुकडे गरिबाच्या वाट्याला आले हे खरंच. पण मालकाच्या मेजवानीत अख्खी जनावरं भाजली जायची आणि ती भाजण्याची विद्या मालकाला येत नव्हती. उरल्यासुरल्याची गोष्ट सांगितली की कारागिराचा बिचारा होतो, आणि बिचाऱ्याला कुणी श्रेय देत नाही, दया देतात. आपल्याकडेही वजडीवर, रक्तीवर लिहिताना आपलेच काही लेखक याच वाटेने जातात. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म'मध्ये कृती लिहिल्या, पदार्थांची नावं नोंदवली. रडगाणं आणि नोंद यात फरक असतो तो असा.

आता यादीतल्या लाल खुणांपेक्षा महत्त्वाचं एक हॉटेल सांगतो. अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम शहरात 'ऑलीज बार्बेक्यू' नावाचं हॉटेल होतं. 1927 सालचं, 220 खुर्च्यांचं, मालक गोरे. काळ्या गिऱ्हाइकाने पैसे द्यायचे, पुडकं घ्यायचं आणि निघायचं. बसायची सोय गोऱ्यांसाठी. हॉटेलात कामाला 36 माणसं, त्यातली दोन तृतीयांश काळी. म्हणजे ज्या हातांनी वाढलेलं चालतं, त्या हातांना टेबल चालत नाही. हे वाचून तुम्हाला कुठलं गाव आठवलं? आम्हाला नावानिशी आठवली. कामानिमित्त फिरताना चहाच्या टपरीवर खिळ्याला वेगळा टांगलेला कप आम्ही पाहिलाय.

1964 साली अमेरिकेत नागरी हक्क कायदा झाला आणि हॉटेलांतला भेदभाव बेकायदा ठरला. ऑलीजचे मालक कोर्टात गेले. आमची खाजगी जागा, आमची मर्जी. त्याच वर्षी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांच्या विरोधात निकाल दिला. कशाच्या आधारावर दिला हे ऐकण्यासारखं आहे. माणूस म्हणून समान आहे, एवढ्यावर नाही. 1883 सालीच त्या न्यायालयाने ठरवून टाकलं होतं की संविधानातली समानतेची दुरुस्ती सरकारला बांधते, खाजगी हॉटेलवाल्याला नाही. मग काँग्रेसने दुसरा दरवाजा शोधला. राज्याराज्यांमधल्या व्यापारावर कायदा करण्याचा अधिकार केंद्राला होता. ऑलीजने वर्षभरात सुमारे दीड लाख डॉलरचा माल घेतला होता, त्यातलं 69,683 डॉलरचं मांस परराज्यातून आलेलं होतं. मांसाने राज्याची सीमा ओलांडली म्हणून कायदा हॉटेलात शिरला. मांसाच्या मागोमाग काळा माणूस आत येऊन बसला.

आता आपलं संविधान काढा. अनुच्छेद 15, खंड 2. दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीची ठिकाणं. सगळं नाव घेऊन लिहिलंय आणि ते खाजगी मालकालाही बांधतं. 29 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत यावर चर्चा झाली तेव्हा दुकान या शब्दात लाँड्री आणि दाढीचं सलून येतं का, असा प्रश्न निघाला. बाबासाहेबांनी सांगितलं की दुकान हा शब्द व्यापक अर्थानेच घ्यायचा. सेवा मागायला येणाऱ्या कुणालाही जो सेवा देतो, त्याची जागा म्हणजे दुकान. ज्या माणसाला बडोद्यात राहायला खोली मिळाली नाही, त्याला हे कलम मांसाच्या पावतीवर सोडायचं नव्हतं. अमेरिकेच्या चौदा वर्षं आधी आपण हे लिहून मोकळे झालो. पाळलं किती, ते त्या खिळ्यावरच्या कपाला विचारा.

"पण जेवणात कशाला जात आणि राजकारण आणता? चव बघा ना!" हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलंय की बोलणाऱ्याने तोंड उघडताच पुढचं आम्ही पूर्ण करतो. त्यांच्यासाठी दुसरं हॉटेल. साउथ कॅरोलायनातलं 'पिगी पार्क'. मोहरीच्या पिवळ्या सॉससाठी नावाजलेलं, अनेक शाखा. मालक मॉरिस बेसिंजर काळ्यांना सेवा द्यायला नकार देत होता आणि कोर्टात म्हणत होता की हा कायदा माझ्या धर्मस्वातंत्र्याच्या आड येतो. 1968 साली सर्वोच्च न्यायालयाने तो बचाव उघड पोकळ ठरवला. पण माणूस बदलला नाही. 2000 साली त्याने आपल्या हॉटेलांवर गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणेचा झेंडा चढवला, तेव्हा कुठे मोठ्या सुपरमार्केटांनी त्याच्या सॉसच्या बाटल्या फळीवरून उतरवल्या. मधली बत्तीस वर्षं तो सॉस विकला जात होता, आणि लोक चव बघत होते. राजकारण मालकाने आणलं तर ती परंपरा, आपण प्रश्न विचारला तर ताटात माती!

यादी करणारे सगळे वंशवादी आहेत असं आम्ही म्हणत नाही. 'टेक्सास मंथली' मासिक 1997 पासून दर काही वर्षांनी टेक्सासातल्या पहिल्या पन्नास बार्बेक्यूंची यादी काढतं. 2008 साली त्यांनी पहिला क्रमांक लेक्सिंग्टन नावाच्या खेड्यातल्या 'स्नोज'ला दिला. ते फक्त शनिवारी सकाळी उघडतं, आणि तिथली आग सांभाळते टूट्सी टोमानेट्झ ही म्हातारी बाई, जी आठवडाभर शाळेत देखभालीचं काम करायची. शोधायचं म्हटलं की आठवड्यातून एक सकाळ उघडणारं हॉटेलही सापडतं. यादीच्या एका ओळीने त्या खेड्यात जगभरातून रांग लागली. एवढी ताकद ज्या ओळीत आहे, ती ओळ कुणापर्यंत पोचत नाही हाच तर आमचा प्रश्न आहे. काळ्या वस्तीतल्या कित्येक भट्ट्यांना बसायला खुर्च्याच नाहीत. खिडकीतून पुडकं मिळतं. माल संपला की दुकान बंद. जाहिरात नाही, चकचकीत फोटो नाही. बँकांनी आणि सरकारी गृहकर्ज योजनांनी काळ्या वस्त्या लाल रेघ मारून वगळल्या होत्या, मग भांडवल कुठून येणार? एकीकडे वातावरण, बसण्याची सोय, सेवा यांना गुण द्यायचे, आणि दुसरीकडे त्यांच्यासाठी लागणारा पैसा पिढ्यानपिढ्या अडवून ठेवायचा. आपल्याकडे याला गुणवत्ता म्हणतात.

ज्या कॅन्सस सिटीला बार्बेक्यूची राजधानी म्हणतात, तिथे 1908 च्या सुमारास वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून भाजलेलं मांस विकणारा हेन्री पेरी काळा होता. तिथल्या बार्बेक्यूचा जनक मानतात त्याला. सन्मानासाठी 'हॉल ऑफ फेम' 2012 साली सुरू झालं, त्यात पेरीचं नाव 2014 साली लागलं. एड्रियन मिलर यांनी 2021 साली 'ब्लॅक स्मोक' हे पुस्तक याच पुसल्या गेलेल्या माणसांवर लिहिलं. पूर्वी वकिली केलेला माणूस, पुरावे मांडल्यासारखं लिहितो. इंग्रजी वाचणाऱ्या आपल्या पोरांनी जरूर मिळवावं.

आणि आता आमच्या पोराचं. अमेरिकेत गेल्यावर पहिले सहा महिने त्याने खोलीत अंडंसुद्धा शिजवलं नव्हतं. तिघे रूममेट महाराष्ट्रातलेच, चांगल्या आडनावांचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी हसत हसत आडनाव, मग गाव, मग "म्हणजे नक्की कोण?" असं विचारलं होतं. आज तेच तिघे टेक्सासचं ब्रिस्केट म्हणजे गाई-बैलाच्या छातीचं मांस चाटूनपुसून खातात, फोटो टाकतात, 'कल्चर' म्हणतात. महाराष्ट्रात मार्च 2015 पासून बैल कापायलाही बंदी आहे, आणि या तिघांपैकी दोघांच्या घरच्यांनी त्या बंदीचं स्वागत केलं होतं. आमच्या आज्या दोरीवर वाळत घालायच्या त्या चान्यांचा यांना वास यायचा. कुणी म्हणेल, बाबासाहेबांनीच तर 1927 साली महाडला मांस सोडायला सांगितलं. त्यांनी सांगितलं ते मेलेल्या जनावराचं मांस सोडायला, कारण ते गावकीने लादलेलं होतं. कुणी काय खावं हे शेजाऱ्याने ठरवावं असं त्यांनी सांगितलेलं नाही.

आम्ही त्याला यादी परत पाठवली, पाच-सहा खुणा आमच्या घालून. आर्कान्सातल्या मारियाना गावी 'जोन्स बार-बी-क्यू डायनर'. एकाच काळ्या कुटुंबाचं, शंभर वर्षांहून जुनं. डुकराचं मांस, पांढरा पाव, कोबीची कोशिंबीर आणि सॉस, बाकी फारसं काही नाही. 2012 साली त्यांना जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला. 2021 साली हॉटेलला आग लागली, पुन्हा उभं राहिलं. साउथ कॅरोलायनात हेमिंग्वे गावी स्कॉट कुटुंबाची अख्ख्या डुकराची भट्टी. त्या घरातला रॉडनी स्कॉट 2018 साली दक्षिण-पूर्वेतला सर्वोत्तम शेफ ठरला. कॅन्सस सिटीत 'आर्थर ब्रायंट्स', ज्याची नाळ थेट हेन्री पेरीपर्यंत जाते. आणि शिकागोचा साउथ साइड. 1910 ते 1970 या काळात साठेक लाख काळी माणसं दक्षिणेतला जाच सोडून उत्तरेला गेली, त्यांच्याबरोबर ही आगही गेली. शिकागोत काचेच्या पेटीसारख्या भट्टीत बरगडीची टोकं भाजतात आणि जाड काचेपलीकडून देतात.

एक सूचना केली. कुठेही गेलास तर आधी मागच्या दाराने चक्कर मार. आग कोण सांभाळतंय त्याला नाव विचार, किती वर्षं करतोस ते विचार, मग पुढे येऊन रांगेत उभा राहा. आणि मारियानाला जाणार असशील तर आदल्या रात्री जवळच मुक्काम कर, सकाळीच पोच. दुपारची वाट बघितलीस तर पाव उरेल, मांस नाही.

त्याचं उत्तर काल आलं. "दादा, रूममेट विचारतायत, ही नावं कुठून आली. सांगू का?"

आम्ही लिहिलं, सांग. लेखाची लिंकही दे.