निविदांचे वाद आणि सुनावणीपूर्वीचे लेखी प्रश्न

सरकारी कामाची निविदा एकाला मिळते आणि दुसऱ्याची तांत्रिक कारणावरून फेटाळली जाते. फेटाळला गेलेला निविदाकार उच्च न्यायालयात धाव घेतो. याचिका, सरकारचे प्रतिज्ञापत्र आणि त्यावरील प्रत्युत्तर यांची पाने वाढत जातात. मात्र निविदा नेमक्या कोणत्या अटीवर, कोणत्या दिवशी आणि कोणत्या समितीने अपात्र ठरवली, या साध्या प्रश्नांची उत्तरे अनेकदा सुनावणीपर्यंत स्पष्ट होत नाहीत. ही उत्तरे आधीच लेखी स्वरूपात आणि शपथेवर घेण्याचा मार्ग भारतीय कायद्यात जुनाच आहे. निविदांच्या वादांत तो फारसा वापरला गेलेला नाही.

दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 मधील आदेश 11 नुसार न्यायालयाच्या परवानगीने एक पक्ष दुसऱ्या पक्षाला लेखी प्रश्नावली देऊ शकतो. तिची उत्तरे सर्वसाधारणपणे 10 दिवसांत प्रतिज्ञापत्रावर द्यावी लागतात. प्रतिपक्ष कंपनी किंवा महामंडळ असल्यास तिच्या अधिकाऱ्याकडून उत्तरे मागता येतात. न्यायालयाने आदेश देऊनही उत्तरे न दिल्यास वादीचा दावा फेटाळला जाऊ शकतो, तर प्रतिवादीचा बचाव रद्द होऊ शकतो.

तथापि, निविदांविषयीचे बहुतेक वाद संविधानाच्या अनुच्छेद 226 खालील रिट याचिकांच्या रूपाने न्यायालयात येतात. संहितेच्या कलम 141 ला 1976 साली जोडलेल्या स्पष्टीकरणामुळे तिची कार्यपद्धती या याचिकांना आपोआप लागू होत नाही. शिवाय न्यायालयाचे कार्यक्षेत्रही मर्यादित असते. टाटा सेल्युलर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये सांगितले की, अशा प्रकरणी न्यायालय निर्णयावरील अपील ऐकत नाही. निर्णय कोणत्या रीतीने घेतला गेला, एवढेच तपासते. पुढे जगदीश मंडल प्रकरणात दोन कसोट्या निश्चित झाल्या. निर्णय दुष्ट हेतूने, कोणावर मेहेरनजर करण्यासाठी किंवा मनमानीने घेतला आहे काय, ही पहिली आणि त्यामुळे लोकहिताला बाधा येते काय, ही दुसरी.

गेल्या काही वर्षांत या चित्राला नवे वळण मिळाले आहे. विशिष्ट अनुतोष कायद्यात 2018 मध्ये समाविष्ट झालेल्या कलम 20अ नुसार, पायाभूत प्रकल्पाच्या कामात अडथळा किंवा विलंब होणार असेल तर दाव्यात मनाई हुकूम देता येत नाही. एन. जी. प्रोजेक्ट्स प्रकरणात 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने याच दिशेने मत व्यक्त केले. निविदेतून चुकीने वगळल्याची तक्रार असली, तरी काम रोखण्यापेक्षा तक्रारदाराला नुकसानभरपाईचा मार्ग दाखवावा, असे न्यायालयाने म्हटले. रस्ता, पूल किंवा पाणीपुरवठा योजना वर्षानुवर्षे रखडू नये, हा त्यामागील हेतू रास्त आहे.

परंतु नुकसानभरपाई केवळ आरोपांवर मिळत नाही. त्यासाठी वस्तुस्थिती सिद्ध करावी लागते आणि ती सिद्ध करणारी कागदपत्रे सरकारी खात्याच्या कपाटात असतात. लेखी प्रश्नावलीचे महत्त्व येथेच वाढते. बांधकाम व पायाभूत सुविधांच्या निविदांचे वाद 2015 च्या वाणिज्यिक न्यायालय कायद्याच्या व्याख्येत येतात. या कायद्याने सुधारलेल्या आदेश 11 मध्ये कागदपत्रे आरंभीच उघड करण्याचे बंधन आहे आणि प्रश्नावलीची तरतूदही कायम आहे.

प्रश्न मोजके आणि मुद्द्याचे असणे मात्र आवश्यक आहे. अपात्रतेचे कारण मूल्यमापनाच्या दिवशीच नोंदवले होते काय? तशीच त्रुटी यशस्वी निविदाकाराच्या बाबतीत माफ केली काय? कार्यादेश कधी दिला? अशा प्रश्नांनी वादाचा परीघ आखला जातो. प्रतिस्पर्ध्याची व्यापारी गुपिते काढून घेण्यासाठी किंवा काही सापडते का हे चाचपण्यासाठी दिलेली प्रश्नावली न्यायालयाने नाकारणेच योग्य ठरते.

प्रामाणिक अधिकाऱ्यालाही या पद्धतीचा लाभच आहे. आदेशात नसलेली कारणे नंतर प्रतिज्ञापत्राद्वारे जोडता येत नाहीत, हे तत्त्व मोहिंदर सिंग गिल या निवडणूकविषयक प्रकरणात 1977 पासून प्रस्थापित आहे. सामान्य वित्तीय नियम, 2017 मधील नियम 173 देखील निविदाकाराने विचारणा केल्यास नकाराचे कारण सांगण्यास बजावतो. हा नियम खात्यांनी वेळीच पाळला, तर अनेक वाद न्यायालयाच्या दारापर्यंत जाणारच नाहीत.

केंद्रीय सार्वजनिक खरेदी विधेयक 2012 मध्ये लोकसभेत मांडले गेले, पण 2014 मध्ये ते लोकसभेबरोबरच व्यपगत झाले. तमिळनाडू, कर्नाटक, राजस्थान यांसारख्या राज्यांनी स्वतःचे कायदे केले. केंद्रीय खरेदीचा कारभार मात्र मुख्यतः प्रशासकीय नियमांवर चालत आला आहे. अशा स्थितीत रिट याचिकेतही उच्च न्यायालयांनी पहिल्याच तारखेला चार-पाच नेमके प्रश्न लेखी देऊन उत्तरे मागवली, तर त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागणार नाही. काम न थांबवता निर्णयाचा जाब विचारण्याचा तो एक व्यवहार्य मार्ग ठरू शकेल.